गाडीचा विमा: रिन्यूअल तोंडावर, तीन कोटेशनं, तीन आकडे. काय घ्यावं?

रंकाळ्याचा_वारा (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

पुढच्या महिन्यात गाडीच्या विम्याची मुदत संपतेय. पेट्रोल हॅचबॅक, ११९७ सीसी, एमएच ०९, मुदत संपेल तेव्हा चार वर्षं पूर्ण होतील. आजवर एकही क्लेम नाही. तीन ठिकाणी विचारलं. ऑनलाइन एकाने साडेआठ हजार सांगितले, ओळखीच्या एजंटने साडेअकरा आणि शोरूमने सव्वासोळा. गाडी तीच, मालक तोच, मग आकडा दुप्पट कसा होतो?

दुसरं, कोल्हापुरात नागाळा पार्कात राहतो. पार्किंग तळमजल्याला. पुराचं तुम्हाला वेगळं सांगायला नको. शोरूमवाला ‘इंजिन प्रोटेक्ट (पाणी जाऊन इंजिन बिघडलं तर त्याचं जादा संरक्षण) घ्याच’ म्हणतो, एजंट म्हणतो गरज नाही, पूर सगळ्या पॉलिसीत असतोच.

तिसरं, विसर्जनाच्या गर्दीत कुणीतरी पुढचा बंपर घासून गेलं. गॅरेजवाल्याने साडेसहा हजारांचा अंदाज दिलाय. मुदत संपायच्या आत क्लेम टाकून घ्यावा का?

आणि शेवटचं, घरात न बोलता विचारतोय: मेहुणे सुट्टीला आले की गाडी त्यांच्याच हातात असते. त्यांनी ठोकली तर क्लेम मिळतो का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा. मिसळ माझ्याकडून.

---

कटवाला

कुठली मिसळ ते आधी ठरवा, म्हणजे धागा दोनशेवर जाईल आणि विम्याचा विषय पहिल्या पानावरच राहील.

---

उद्यमनगरचा_पाना

भावा, गॅरेजवाला हाय म्हणून सांगतो. साडेसहा हजाराच्या बंपरसाठी क्लेम टाकू नको. का ते आपले सर्व्हेअर काका सांगतील, ते आले की. मी पुराचं सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत आमच्याकडं गाड्यांची रांग लागली होती. शाहूपुरी, कुंभार गल्ली, रमणमळा, तुमचा नागाळा पार्क. त्यात दोन जातीच्या गाड्या. एक, पाण्यात उभी होती, मालकानं हात लावला नाही, टो करून आणली. वायरिंग, सीटा, कार्पेट, सेन्सर गेलं, पण इंजिन वाचलं. दुसरी, पाणी ओसरल्यावर मालकानं ‘बघू चालू हुती का’ म्हणून सेल्फ मारला. पाणी सिलिंडरात, पिस्टन वर जाऊन पाण्यावर आदळतंय, पाणी काय दबत न्हाई, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. तिथं इंजिनच खोलायचं.

कंपनी पहिल्या गाडीला पैसे देते. दुसऱ्या गाडीच्या इंजिनाला साध्या पॉलिसीत हात वर करते. म्हणते, पुरानं न्हाई बिघडलं, तू चालू केलंस म्हणून बिघडलं. एजंट खोटं बोलत न्हाई, पण अर्धंच सांगतोय.

पाण्यात अडकली तर बॅटरीचा निगेटिव्ह काढा, किल्ली खिशात ठेवा आणि टोचा फोन फिरवा. इतकंच.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पाना दादांना +१. आमच्या शेजारच्यांचं हेच झालं. पाणी उतरल्यावर सेल्फ मारला, ‘टक्’ आवाज आला आणि संपलं. वायरिंगचे आणि आतल्या कामाचे पैसे मिळाले, इंजिनाचा एक रुपया नाही.

पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका. आमच्या गल्लीत इशाऱ्याची पातळी ओलांडली की गाड्या राजारामपुरीत पाहुण्यांकडे जातात. पाहुण्यांना आता सवय झालीय, जुलै आला की स्वतःच फोन करतात.

---

सर्व्हेअर_काका

पाना, भरीला पाडतोस. चला.

रंकाळ्याचा वारा, तुमच्या हप्त्याचे दोन तुकडे असतात. ते वेगळे पाहिले नाहीत तर कोटेशनं कळणार नाहीत.

पहिला तुकडा थर्ड पार्टी. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं काही झालं तर त्याची भरपाई. हा कायद्याने सक्तीचा आणि त्याचा दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. १ जून २०२२ ला लागू झालेल्या दरपत्रकात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७. तुमची गाडी मधल्या गटात. ३,४१६ वर १८ टक्के जीएसटी धरला की ४,०३१ रुपये. हे तिन्ही कोटेशनांत सारखेच असणार, नसतील तर कोटेशन फाडून टाका. (जीएसटी माफ झाला तो वैयक्तिक आयुर्विम्याचा आणि आरोग्य विम्याचा. गाडीचा नाही. हे रोज कुणीतरी विचारतं.)

दुसरा तुकडा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचं नुकसान. सगळा खेळ इथे. साडेआठ आणि सव्वासोळा यांतला फरक याच तुकड्यातला आहे. तीन गोष्टी बघा: आयडीव्ही किती धरलाय, झिरो डेप (सुट्या भागांची घट न कापता पैसे देणारी जोड) आहे का, आणि व्हॉलंटरी डिडक्टिबल (प्रत्येक क्लेमला आपणहून सोसायची रक्कम) टाकलाय का. स्वस्त कोटेशनमध्ये आयडीव्ही हळूच खाली ओढलेला असतो आणि डिडक्टिबल हळूच वर.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा भंगारात गेली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम. कंपनीच्या आजच्या यादीतल्या किमतीवरून वयाप्रमाणे घट धरतात. दोन ते तीन वर्षांना ३० टक्के, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांपुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. म्हणजे आयडीव्ही चार लाख असेल तर तीन लाखांवर. तो तीनच लाखांवर आणून ठेवलात तर सव्वादोनलाच गाडी भंगारात, आणि हातात पैसेही कमी. हप्त्यात वाचले हजारभर.

बंपरचं रात्री लिहितो. जेवायला बोलावतायत.

---

करवीरचा_फकीर

एवढं पुराण कशाला? मी पंधरा वर्षं फक्त थर्ड पार्टी घेतो. ओन डॅमेजचे पैसे बाजूला टाकत गेलो असतो तर त्यात दुसरी गाडी आली असती. कंपन्या द्यायच्या वेळी शंभर कारणं काढतात. विमा म्हणजे श्रीमंतांचे चोचले.

---

कटवाला

‘टाकत गेलो असतो’ म्हणजे टाकले नाहीत, हे आमच्या लक्षात आलंय फकीरबाबा.

---

वकील_बिंदू_चौक

फकीर, तुमची गाडी जुनी, आयडीव्ही लाखभर असेल तर तुमचं गणित बरोबर आहे. पंधरा वर्षांच्या गाडीला ओन डॅमेज घ्या असं मीही सांगणार नाही. पण चार वर्षांच्या गाडीला आणि तेही नदीकाठच्या पार्किंगमध्ये हा सल्ला देऊ नका.

थर्ड पार्टीबद्दल मात्र कुणी हयगय करू नये. दुसऱ्याचा मृत्यू किंवा इजा झाली तर कंपनीच्या जबाबदारीला कमाल मर्यादा नाही, मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल ती रक्कम. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान मात्र साडेसात लाखांपर्यंतच. विमा नसताना तरुण कमावत्या माणसाचा अपघात झाला तर भरपाईचा आकडा ऐकून लोकांना जमीन विकावी लागते, हे मी कोर्टात पाहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ चा दंड (पहिल्यांदा दोन हजार, पुन्हा सापडलात तर चार हजार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही) त्यापुढे काहीच नाही.

अवांतर: न्यायाधिकरणाच्या निकालावर अपिलाला आधी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथेच आहे. पक्षकारांचा रात्रीच्या गाडीचा खर्च वाचला, आमचा मुंबईचा वडापाव बुडाला.

---

करवीरचा_फकीर

गाडीचा आयडीव्ही नव्वद हजार. वकील साहेबांनी बरोबर ओळखलं. बाकी मुद्दा सोडत नाही.

---

गगनबावडी

थर्ड पार्टीवरून आठवलं. उसाचा सीझन सुरू झालाय, संध्याकाळी रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि वर टेपवर गाणी. मागून धडकलं तर भरपाई कोण देणार? गेल्या सीझनला कळ्याच्या पुढे आमच्या पाहुण्यांची गाडी अशीच ट्रॉलीखाली गेली. माणसं वाचली.

---

वकील_बिंदू_चौक

गगनबावडी, मागून धडकणाऱ्याची चूक असंच सगळे गृहीत धरतात, पण तसा नियम नाही. ट्रॉलीला दिवा, रिफ्लेक्टर नव्हता हे पंचनाम्यात आलं तर चूक दोघांत वाटली जाते. म्हणून अंधारातच फोटो काढा, सकाळी जाऊन नव्हे. सकाळपर्यंत ट्रॉलीला रिफ्लेक्टर उगवलेला असतो. ट्रॅक्टरचा विमा असतो, पण ट्रॉलीचा आहे का तेही विचारा, ती वेगळी दाखवावी लागते.

आणि एक. आपल्याकडे अपघात झाला की चार जाणती माणसं येऊन ‘मिटवून टाका’ म्हणतात. किरकोळ असेल तर मिटवा. पण ‘चूक माझी, मी एवढे देतो’ असं कागदावर लिहून देऊन मग क्लेम टाकाल तर कंपनी अडवू शकते. तिच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही अशी अटच असते पॉलिसीत.

---

सर्व्हेअर_काका

आता बंपर. यासाठी नो क्लेम बोनस समजला पाहिजे. क्लेम न करता एक वर्ष काढलं की ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम टाकला की शून्यावर.

तुम्ही आत्ता ३५ वर असणार, रिन्यूअलला ४५ मिळेल. समजा तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता सूट धरण्याआधी ९,००० आहे. क्लेम केला नाहीत तर पुढची वर्षं सूट ४५, ५०, ५०, ५०, ५०. क्लेम केलात तर ०, २०, २५, ३५, ४५. फरक ४५ अधिक ३० अधिक २५ अधिक १५ अधिक ५, म्हणजे १२० टक्के. नऊ हजारांवर १०,८०० रुपये, वर जीएसटी धरला तर १२,७४४. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. तरी ९-१० हजार कुठे गेले नाहीत.

आता साडेसहा हजारांच्या कामातून हातात काय येणार? १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेमला पहिले १,००० रुपये तुमचेच. झिरो डेप असेल तर साडेपाच मिळाले. साडेपाच हजारांसाठी दहा घालवायचे का? पानाने बरोबर सांगितलं.

मोठं काम असेल तर उलट. समजा गाडी साडेतीन वर्षांची, बिल ३५ हजारांचं: बंपर-हेडलाइटचं प्लास्टिक १२, बॉनेट-फेंडरचा पत्रा १०, रंग ८, मजुरी ५. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकवर निम्मी घट, ६ मिळाले. पत्र्याला त्या वयात २५ टक्के घट, साडेसात मिळाले. रंगात एक चतुर्थांश मालाचा धरतात आणि त्यावर निम्मी घट, म्हणून ७ मिळाले. मजुरी पूर्ण ५. बेरीज साडेपंचवीस, त्यातून एक हजार वजा. म्हणजे कंपनी २४,५००, तुम्ही १०,५००. झिरो डेप असता तर तुमच्या खिशातून साधारण हजारच, वर ऑइल-कूलंट-नटबोल्ट यांचे किरकोळ. काचेला घट नाही, ती दोन्हीकडे पूर्ण मिळते. रबर, टायर, बॅटरी प्लास्टिकसारखीच निम्मी.

---

उद्यमनगरचा_पाना

काका, वाचनखूण साठवली. उद्यापासून गिऱ्हाईकाला हेच वाचून दाखवणार.

---

रंकाळ्याचा_वारा

काका, आत्ता तिन्ही कोटेशनं समोर घेऊन बसलो. तुम्ही म्हणालात तस्संच. साडेआठवाल्यात आयडीव्ही २ लाख ९० हजार, व्हॉलंटरी डिडक्टिबल साडेसात हजार, झिरो डेप नाही. एजंटच्यात आयडीव्ही ४ लाख, झिरो डेप आहे, इंजिन नाही. शोरूमच्यात झिरो डेप, इंजिन, कन्झ्युमेबल्स (ते ऑइल-कूलंट-नटबोल्ट), किल्ली, टायर आणि ‘पर्सनल बेलाँगिंग’ नावाचं काहीतरी. ते काय असतं?

---

कटवाला

गाडीत ठेवलेले कांदेभजी चोरीला गेले तर.

---

सर्व्हेअर_काका

गाडीतून चोरीला गेलेली बॅग, कपडे वगैरे, ठरलेल्या मर्यादेपर्यंत. रोकड, दागिने धरत नाहीत. तुम्हाला नको. टायरचाही नको. शोरूमला ‘हे दोन काढून द्या’ म्हणा, देतात. आणि शोरूममधूनच घ्या अशी सक्ती कुणी करू शकत नाही, तुम्ही बाहेरून घेतलात तरी वॉरंटीला काही होत नाही.

व्हॉलंटरी डिडक्टिबल साडेसात म्हणजे सक्तीच्या एक हजाराच्या वर हे साडेसात. प्रत्येक क्लेमला साडेआठ हजार तुमचे. स्वस्तपण तिथून आलंय.

---

नाळे_कॉलनीतली_सून

माझाही एक प्रश्न, इथेच विचारते. गाडी सासऱ्यांच्या नावावर होती. ते गेल्या महिन्यात वारले. पॉलिसी फेब्रुवारीपर्यंत आहे. हे चालवतात. मधल्या काळात काही झालं तर?

---

वकील_बिंदू_चौक

ताई, वाईट वाटलं ऐकून. पॉलिसी लगेच रद्द होत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसीची मुदत, यांतलं जे आधी येईल तोपर्यंत वारसांना ती चालते. तेवढ्यात आरटीओत गाडी वारसाच्या नावावर करा आणि कंपनीला कळवून पॉलिसी बदलून घ्या. मृत्यूचा दाखला, आरसी आणि बाकीच्या वारसांची संमती लागेल. सासऱ्यांचा नो क्लेम बोनस मुलाला किंवा पत्नीला मिळतो, तो विसरू नका, एजंट आपणहून सांगत नाहीत.

---

नाळे_कॉलनीतली_सून

आभारी आहे. सोमवारी ह्यांना आरटीओत पाठवते.

---

कात्रजहून_कागल

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी भर घालतो. मी पुण्याची एमएच १२ गाडी घेऊन इकडे आलो. आरसी माझ्या नावावर झाली पण पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर होती. डीलर म्हणाला ‘चालतंय की’. थर्ड पार्टी नव्या मालकाला आपोआप लागू होते, पण ओन डॅमेज नाही, त्यासाठी चौदा दिवसांत कंपनीला कळवावं लागतं. ते मी करून घेतलं. जुन्या मालकाचा बोनस मात्र गाडीबरोबर आला नाही, बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. त्यामुळे फरक भरावा लागला.

हप्तासुद्धा कोल्हापुरात राहून पुण्याचाच. ओन डॅमेजला शहरांचे दोन झोन. मुंबई, पुणे, बंगळूर अशी आठ मोठी शहरं ‘ए’ मध्ये, बाकी सगळे ‘बी’. झोन नोंदणीच्या गावावरून ठरतो, गाडी कुठे उभी असते त्यावरून नाही.

---

तांबडा_की_पांढरा

म्हणजे एमएच ०९ ला सवलत. जगात भारी म्हणतात ते उगीच नाही.

---

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

पुण्याहून जुनी गाडी घेणारे एक बघा. आमच्याकडे पुरातल्या गाड्या धुऊन, पॉलिश करून बाहेरच्या जिल्ह्यांत गेल्या, तसं तिकडून इकडेही येत असणार. कसं ओळखायचं?

---

सर्व्हेअर_काका

सीट बेल्ट. सगळे कार्पेट धुतात, सीट कव्हर बदलतात, सुगंधी स्प्रे मारतात. बेल्ट कुणी पूर्ण बाहेर ओढत नाही. शेवटपर्यंत ओढा, अगदी अडेपर्यंत. आत गुंडाळलेल्या भागावर आडवी मातकट रेघ दिसते, पाणी तिथवर होतं. मग स्टेपनीच्या खड्ड्यातला फेल्ट उचला, सीटच्या रुळांखाली बोट फिरवा, बारीक गाळ बोटाला लागतो. इंजिनात पाणी गेलं होतं का ते बघायला मी क्लेमच्या वेळी एअर फिल्टर काढतो. कागद ओला होऊन वाळला की त्याच्या घड्या लाटेसारख्या होतात, नवा टाकला असेल तर तो बाकीच्या डब्यापेक्षा फार स्वच्छ दिसतो. दोन्ही गोष्टी बोलतात.

---

सीएनजी_वडणगे

बाहेरून सीएनजी किट बसवलंय, आरसीवर चढवलेलं नाही. हजारो गाड्या तशाच फिरतात. काही अडतं का?

---

उद्यमनगरचा_पाना

अडतंय. आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडं चढव. किटच्या किमतीवर चार टक्के आणि थर्ड पार्टीला साठ रुपये, एवढाच तो जादा हप्ता. गाडी पेटली तर कंपनी पहिल्यांदा तेच बघती.

---

करवीरचा_फकीर

आणि पीयूसी नसेल तर क्लेम मिळतच नाही. हे बघा, आणखी एक कारण. म्हणून म्हणतो सगळी लूट आहे.

---

वकील_बिंदू_चौक

नाही फकीर. ती व्हॉट्सअॅपवरची बातमी. विमा नियामकाने २०२० च्या ऑगस्टमध्येच स्पष्ट केलंय की पीयूसी नाही या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. पीयूसी काढा, दंड वेगळा बसतो, पण क्लेमचा त्याच्याशी संबंध नाही.

---

करवीरचा_फकीर

बरं. एक मुद्दा मागे घेतो. बाकीचे नाही.

---

एजंट_पण_माणूस

इथे एजंटांवर फार झोड उठलीय म्हणून लिहितो. हा माझाच धंदा, वीस वर्षांचा. ऑनलाइन स्वस्त मिळतं, मान्य. पण रात्री अकराला आंबा घाटात गाडी दरीच्या कठड्याला लटकली की ग्राहक अॅपला नाही, मला फोन करतो. टो कुठून मागवायचा, कुठल्या गॅरेजला कॅशलेस आहे, पोलीस पंचनामा लागेल का, हे मी झोपेतून उठून सांगतो. साध्या पॉलिसीत टोचे १,५०० पर्यंतच मिळतात आणि आंब्यातून कोल्हापूरला आणायला त्याच्या कितीतरी पट जातात, म्हणून रोडसाइड असिस्टन्स घ्या हेही मीच सांगतो.

धागाकर्त्याच्या एजंटने इंजिन प्रोटेक्टची गरज नाही म्हटलं, ते मात्र चुकलं. नागाळा पार्कात राहणाऱ्याला मी ते घेतल्याशिवाय पॉलिसीच देत नाही. आर. के. नगरच्या टेकाडावर राहणाऱ्याला सांगत नाही.

आणि कृपा करून मुदत संपू देऊ नका. एक दिवस जरी मध्ये गेला तरी कंपनी गाडी तपासल्याशिवाय ओन डॅमेज देत नाही. ९० दिवस गेले तर जमवलेला सगळा बोनस गेला.

---

रंकाळ्याचा_वारा

धन्यवाद एजंट साहेब. मेहुण्यांचं कुणीच बोलत नाही. घाबरताय का माझ्या बायकोला?

---

कटवाला

आम्ही आमच्याच बायकोला घाबरून इथे टोपणनावाने लिहितो.

---

सर्व्हेअर_काका

मेहुण्यांकडे त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स असेल आणि तुमच्या संमतीने चालवत असतील तर क्लेम मिळतो. विमा गाडीचा आहे, घरातलाच माणूस चालवायला हवा असं काही नाही. बोनस मात्र तुमचा जाईल, त्यांचा नाही, हे सासुरवाडीला कळवून ठेवा. दारू पिऊन चालवली, लायसन्सची मुदत संपली, किंवा भाडं घेऊन गोव्याला मित्र नेले, तर ओन डॅमेज नाही. शिकाऊ लायसन्स असेल तर शेजारी पक्कं लायसन्सवाला आणि गाडीला एल बोर्ड हवा.

अजून एक. पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो फक्त तुम्हाला, मेहुण्यांना नाही. दुसरीकडे तुमचा १५ लाखांचा किंवा जास्तीचा अपघात विमा असेल तर गाडीबरोबर पुन्हा घ्यायची सक्ती नाही.

---

तांबडा_की_पांढरा

क्लेम नाकारला तर दाद कुठे? ग्राहक मंच?

---

वकील_बिंदू_चौक

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. कोल्हापूरला पुण्याचं कार्यालय लागू. फी नाही, वकीलही लागत नाही (हे लिहिताना हात थरथरतोय), पन्नास लाखांपर्यंतचे वाद चालतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एक वर्षात जा. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. नाकारल्याचं पत्र लेखीच मागा. फोनवर ‘नाही बसत साहेब’ एवढ्यावर परत येऊ नका.

---

गगनबावडी

आणि गाडी चोरीला गेली तर दोन्ही किल्ल्या द्याव्या लागतात. दुसरी किल्ली घरात कुठे आहे ते आत्ताच शोधून ठेवा लोकहो. एफआयआरनंतर पोलिसांचा ‘अ’ समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, असा अहवाल कोर्टाकडून आल्याशिवाय कंपनी पैसे सोडत नाही. त्यात महिने जातात.

---

रंकाळ्याचा_वारा

ठरलं. एजंटचीच पॉलिसी घेतोय, आयडीव्ही ४ लाख, झिरो डेप, त्यात इंजिन प्रोटेक्ट आणि रोडसाइड वाढवून. व्हॉलंटरी डिडक्टिबल शून्य. बोनस ४५ टक्के लावून पावणेतेरा हजारांत बसतंय. बंपर स्वतःच्या खर्चाने रंगवतो, पाना दादा, शनिवारी येऊ का?

---

उद्यमनगरचा_पाना

ये. साडेसहा सांगितलेत त्यानं? बंपर फुटला नसंल तर साडेचारात करतो.

---

सर्व्हेअर_काका

भरण्याआधी पॉलिसीवर बँकेचं नाव आहे का बघा. गाडी कर्जावर होती ना?

---

रंकाळ्याचा_वारा

होती. कर्ज फिटून सहा महिने झाले. पॉलिसीवर अजून बँकेचं नाव आहे, आरसीवरही.

---

सर्व्हेअर_काका

मग टोटल लॉस झाली तर चेक बँकेच्या नावाने निघेल आणि तुम्ही हेलपाटे घालाल. बँकेकडून एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घ्या, आरटीओत हायपोथिकेशन (आरसीवरची बँकेच्या कर्जाची नोंद) उतरवा, मग नव्या आरसीची प्रत एजंटला द्या. रिन्यूअल त्यासाठी थांबवू नका, ते आजच भरा. नाव नंतर एंडोर्समेंटने (पॉलिसीतल्या दुरुस्तीच्या नोंदीने) निघतं.

---

कटवाला

मिसळीचं काय ठरलं?